जहाजाच्या शिडीपर्यंत माझं कार्ड

लेकीचं लग्न झालं तेव्हापासून मी तिच्या घरचं पाणी प्यायलेलो नाही. अकोल्याहून अमरावतीला तिच्याकडे गेलो तर माझी बाटली आणि डबा माझ्यासोबत असतो. लोक हसतात, हसू द्या. माझ्या बापानं हे पाळलं, त्याच्या बापानं पाळलं, आणि दर्यापूरकडच्या आमच्या गावात एखाद-दोन म्हातारे अजूनही पाळतात. लेक दिली म्हणजे दिली, मग तिच्या दारी ताटावर बसायचं नाही. माझी बायकोही पाळते. तिला पटतं म्हणून नव्हे, माझ्याशी रोज कोण भांडणार म्हणून.

असला माणूस जावयानं ठरवलेल्या जहाजावर गेलाच कसा, हे आमच्या गल्लीत मला आजही विचारतात. प्रत्येकाला सांगत बसण्यापेक्षा एकदा लिहून टाकलेलं बरं. शाळा माझी चौथीतच सुटली. अक्षर वाकडंतिकडं आहे, पण लागतं.

व्याही अमरावतीला वकिली करायचे, आता घरीच असतात. त्यांना पंचाहत्तर लागली म्हणून जावयानं ठरवलं की दोन्ही घरच्या म्हाताऱ्यांना मुंबईहून जहाजात बसवून समुद्र दाखवून आणायचं. हे सांगायला लेक आणि जावई होळीच्या आधी आमच्याकडे अकोल्याला आले. मी नाही म्हणालो. नाही म्हणायला मला वेळ लागत नाही.

लेक माझ्यावरच गेली आहे. ती म्हणाली, "बाबा, तुम्ही माझ्या घरी जेवत नाही ना? बरं. जहाज काही माझं घर नाही."

"पैसा तं तुह्या घरचा आहे."

"पाणी समुद्राचं आहे."

बायको पदराआड हसली. मग पदर काढून सरळच म्हणाली, "मले जायचं आहे. तुमी नसान येत तर मी याइच्यासंगं जातो. तुमी बसा घरी, खिचडी टाकून खा."

आता काय करता? मी थोडा विचार केला आणि अट घातली. "जवाईबापू, जहाजात चढल्यावर तुमचं चालू द्या. पन जहाजाच्या शिडीपर्यंत मी माह्या मानानं येईन. विमान माह्यं, मुंबईचं हॉटेल माह्यं."

जावई म्हणाला, "मामाजी, ते सगळं जहाज कंपनीच करते. विमानाची तिकिटं, आदल्या दिवसाचं हॉटेल, तिथून बंदरापर्यंत बस, असं एकत्रच घेतलंय. आता सुटं होत नाही."

"मंग माह्ये नंबर टाका त्यात," असं म्हणून मी कपाटातून माझी दोन कार्डं काढून त्याच्यापुढं ठेवली. त्यानं सांगितलेलं विमान आणि हॉटेल माझ्या ओळखीच्याच कंपन्यांचं होतं.

त्या कार्डांचं सांगायला पाहिजे. मी जिनिंगचा मिस्त्री. सरकीतून रुई वेगळी करणारं यंत्र बसवणं, त्याचे रोलर बदलणं, बिघडलं की उघडणं, हा माझा जन्माचा धंदा. आधी अकोला, हिवरखेड, दर्यापूर एवढ्यातच फिरायचो. मग आमची यंत्रं आफ्रिकेत जायला लागली आणि यंत्रामागं मी जायला लागलो. राजकोट, कोइमतूर, मुंबई आणि तिथून पुढं समुद्रापार. तिथले कापूसवाले मिस्त्रीला चांगल्या हॉटेलात ठेवायचे, कारण मिस्त्री आजारी पडला तर हंगाम बसतो. एका काउंटरवरच्या मुलीनं माझं नाव त्यांच्या यादीत घातलं आणि जेवढ्या रात्री राहिलो तेवढा माझा मान वाढत गेला. हॉटेलचं कार्ड सोनेरी झालं, विमानाचं चांदीच्या रंगाचं. मग वेगळी रांग, पुढची सीट, वरच्या मजल्यावरची खोली, खोलीत फळांची प्लेट, सकाळचा नाश्ता फुकट. तळहाताच्या रेघांत वंगण बसलेल्या माणसाला हे मिळत होतं आणि टाय लावलेले लोक मागच्या रांगेत उभे राहत होते.

घरी आलो की मी हे बायकोला सांगायचो. ती भाकर थापता थापता ऐकायची.

"तिथं मले नावानं हाक मारतात," असं मी एकदा म्हणालो.

"नावानं तं पोस्टमनबी हाक मारते," ती म्हणाली.

तिनं विमान कधी आतून पाहिलं नव्हतं आणि असलं हॉटेल बाहेरूनही नाही. माझ्या सांगण्यातलं निम्मं तिनं बढाईच्या खात्यात टाकलेलं होतं, हे मला ठाऊक होतं. आता मी काम सोडलेलं. असल्या कार्डाचं असं असतं की वर्षभर फिरला नाहीत तर मान खाली उतरतो. माझ्या मोबाइलवर तसा निरोप आला होता की मार्चअखेर तुमचं सोनं संपणार. म्हणजे बायकोला दाखवायचं तर हीच वेळ. पुन्हा नाही.

आणि दुसरंही होतं. माझ्या डोक्यात हिशेब सरळ होता. लग्नात आहेर घेऊन आलेला माणूस पंगतीला बसला तर तो फुकट जेवला असं कोणी म्हणत नाही. माझं कार्ड हा माझा आहेर. नंबर माझा लागला की विमानात आणि हॉटेलात मी जावयाचा मिंधा नाही.

जावयानं कार्डांचे फोटो काढले. "टाकतो, मामाजी," असं तो म्हणाला. लहान पोरानं चंद्र मागितला की जसं "देतो" म्हणतात, तसं म्हणाला. मला तेव्हा ते कळलं नाही.

मार्च संपायच्या आतच निघालो. नागपूरच्या विमानतळावर आम्ही पाच जण होतो. आम्ही दोघं, व्याही-विहीण आणि जावई. लेक नातवाच्या परीक्षेसाठी घरी थांबली. रांग दारापर्यंत आलेली. बायकोच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, ती एका पायावर भार टाकून उभी. मी रांगेत उभा राहिलोच नाही. बाजूच्या मोकळ्या काउंटरवर गेलो आणि कार्ड ठेवलं. जिनिंगमध्ये जन्म घालवलेल्या माणसाला हळू बोलता येत नाही, यंत्राच्या आवाजावर ओरडायची सवय असते. अर्ध्या विमानतळानं ऐकलं असेल.

"बाई, माहा नंबर लागला आहे का पाहा बरं!"

मुलीनं पाहिलं. "काका, या तिकिटावर नंबर नाहीये. तिकीट जहाज कंपनीकडून निघालंय."

मी मागं वळून जावयाकडे पाहिलं. त्यानं मान मोबाइलमध्ये घातली.

"मंग आता लावा."

"लावते ना. तिकीट तुमच्याच नावाचं आहे." तिनं दोन-चार बटणं दाबली. "झालं. पॉइंट कमी मिळतील, कारण हे स्वस्तातलं घाऊक तिकीट आहे. पण पुढची सीट आणि ही रांग तुम्हाला आहे. एकाच बुकिंगवर आहात, तुमच्या मंडळींनाही इकडे बोलवा."

मी हात वर करून बोलावलं. व्याही, विहीण, जावई असे सगळे माझ्या मागं मोकळ्या रांगेतून आले. लग्नात आम्ही त्यांच्या मागं मागं चाललो होतो. आज मी मधोमध चाललो.

विमानात बायकोला सगळ्यांत पुढची खिडकीची जागा मिळाली. तिनं पाय लांब केले, दोनदा हलवून पाहिले. "इथं पाय मावतात वं बाई," ती स्वतःशीच म्हणाली. उडताना तिनं माझं मनगट असं धरलं की बांगडीचा वळ उठला.

मुंबईला उतरल्यावर बसमध्ये व्याही माझ्या शेजारी बसले. "व्याहीबुवा, विमानात तुमचं चाललं हे मान्य. पण हॉटेलात चालणार नाही. मी अटी वाचल्यात."

"तुमी वाचल्या, वकीलसाहेब. मी तिथं राहून आलो."

"राहिलात तेव्हा खोली तुमच्या नावावर होती. आता ती जहाजवाल्यांनी घेतलेली आहे. विमानात तिकिटावर माणसाचं नाव लागतं, म्हणून तुम्ही कोण ते त्यांना बघावं लागतं. हॉटेलला तुमच्याशी घेणंदेणंच नाही. त्यांचं गिऱ्हाईक म्हणजे जहाज कंपनी."

"खोली कोनाचीबी असो, झोपनारा मानूस तं तोच आहे ना?"

व्याही हसले आणि खिडकीबाहेर पाहू लागले. त्यांचं कायद्यानं बरोबर होतं, हे आज लिहितो. पण मी काही कोर्टात उभा नव्हतो.

हॉटेलात शिरल्याबरोबर जहाज कंपनीचं टेबल मांडलेलं. निळा कोट घातलेली एक मुलगी नावं विचारून पाकिटातून किल्ल्या देत होती आणि बाजूला थंड सरबताचे पेले भरून ठेवले होते. व्याही-विहिणीनं पेले घेतले. बायकोच्या हातातही एक दिला गेला. ती सोफ्यावर टेकली. दुपारचं मुंबईचं ऊन, घामानं तिचा गळा ओला झालेला, आणि सोबतची बाटली विमानतळावरच काढून घेतलेली.

मी किल्लीचं पाकीट घेऊन हॉटेलच्या काउंटरवर गेलो आणि कार्ड ठेवलं. काउंटरवरच्या माणसानं ते पाहिलं आणि लगेच उभा राहून माझं पूर्ण नाव घेतलं. माझी छाती फुगली. पण पुढं तो म्हणाला, "सर, खूप जुने आहात तुम्ही आमच्याकडे. पण ही खोली जहाज कंपनीच्या कोट्यातली आहे. यात कार्डाचे फायदे देता येत नाहीत. ही रात्रही तुमच्या खात्यात धरली जाणार नाही."

"मी तोच मानूस आहो ना?"

"हो सर."

"हे हॉटेल तेच आहे ना?"

"हो सर."

"मंग बदललं काय?"

"बुकिंग, सर."

जावई धावत आला. "मामाजी, राहू द्या. एका रात्रीचा तर प्रश्न आहे. खोली चांगलीच आहे."

मागून व्याही आले आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून अगदी मायेनं म्हणाले, "अहो, आज आपण सगळेच माझ्या मुलाचे पाहुणे. त्यात कमीपणा कसला?"

त्यांनी टोमणा मारला असता तर मी टोमणा मारला असता. मायेनं म्हणाले, तिथंच लागलं. मी वळून सोफ्याकडे पाहिलं. बायकोनं पेला तसाच दोन्ही हातांत धरला होता, ओठाला लावला नव्हता. तिनं एवढ्या लोकांसमोर तिथूनच मला विचारलं,

"अवं, हे प्याचं का नाई प्याचं? काय ते सांगा लवकर. घसा कोरडा पडून राह्यला."

आता सांगा, मी काय सांगायचं? पी म्हणालो असतो तर इतक्या वर्षांचं पाळलेलं त्या पेल्यात बुडालं असतं. नको म्हणालो असतो तर म्हातारी तहानलेली. सगळे माझ्याकडे पाहत होते, निळ्या कोटातली मुलगीसुद्धा.

मी काउंटरकडे वळलो. "एक खोली द्या. आजच्यासाठी."

"सर, तुमच्याकडे खोली आहे."

"ते जहाजाची. मले माह्यी पाहिजे. माह्या नावानं, माह्या पैशानं, माह्या कार्डावर."

तो गोंधळला. आत जाऊन कोणाला तरी विचारून आला. खोली होती. मी बँकेचं कार्ड दिलं. जिनिंगच्या मजुरीतलं, माझ्या दोन हातांचं. त्यानं सोनेरी कार्डाचा नंबर टाकला आणि जणू बंद यंत्राला वीज मिळाली. वरचा मजला, समुद्राची बाजू, दोघांचा नाश्ता, सकाळी उशिरापर्यंत खोली ठेवायची मुभा, सगळं आपोआप सुरू झालं. तो चांगला माणूस होता, म्हणून खरं तेही बोलला. "सर, ही एक रात्र धरली तरी कार्ड मार्चनंतर खाली येईलच."

"येऊ दे. आज तं आहे ना?"

जावई हळूच म्हणाला, "मामाजी, एकाच हॉटेलात एका जोडप्याला दोन खोल्या! लोक काय म्हणतील?"

"म्हनतील, म्हातारा हट्टी आहे. ते तं आताबी म्हनून राहिले."

बायकोनं पेला उचलून त्या निळ्या कोटातल्या मुलीच्या हातात परत दिला. "ठेव माय. वरतं जाऊन पितो," असं म्हणून ती उठली.

खोलीत गेल्यावर ती आधी ग्लासभर पाणी घटाघटा प्याली. मग खोली तपासू लागली. पलंग दाबून पाहिला, न्हाणीघराची जमीन घसरते का पाहिली, पडदा सरकवला. खाली समुद्र होता, मातीच्या रंगाचा. तिनं थोडा वेळ पाहिला. "वर्धेला पूर आला की असंच दिसते," असं म्हणून पडदा तसाच ठेवला. तेवढ्यात दार वाजलं. पांढऱ्या कपड्यातला माणूस फळांची प्लेट ठेवून गेला. सोबत चिठ्ठी, तिच्यावर माझं नाव.

मी खुर्चीत बसून तिच्याकडे पाहत होतो. एवढ्या वर्षांची साक्ष आता निघणार होती.

तिनं संत्रं उचलून नखानं टोकरलं. "आपल्याकडचं नाई हे. सालीलेच वास नाई."

"प्लेट आली का नाई? नाव घेतलं का नाई खाली?"

"पैसे भरल्यावर कोनीबी देईन."

माझं डोकं सणकलं. "अवं, खाली एवढे लोक पैसे भरून राहिले, त्या सगळ्याइले प्लेट येते का?"

"मले काय मालूम?" ती म्हणाली. "मी कुठं गेलो कधी?"

"आता आली ना?"

"आली."

बस, एवढंच. मी आणखी काहीतरी निघेल म्हणून थांबलो, पण ती भिंतीजवळच्या टेबलापाशी चहाची किटली उलटसुलट करून पाहत होती. बटण सापडलं. पाणी ठेवलं. मग मला म्हणाली, "बसून काय राह्यले? जा, इवायाले अन् इहीनबाईले वरतं घेऊन या. जवाईबापूलेबी."

"काहून?"

"काहून म्हंजे? चहाले. त्याइच्या घरी आपन पानी पेत नाई, म्हनून इहीनबाई आपल्याकडं आली तं अवघडून बसते बिचारी. अर्धी भाकर मोडते अन् उठते. हे तं तिचंबी घर नाई अन् आपलंबी गाव नाई. आज तं खाईन पोटभर."

हे मला सुचलं नव्हतं. मी कार्डाकडे, मानाकडे, जावयाच्या मिंधेपणाकडे पाहत होतो. तिला एक खोली दिसली, जिथं ती यजमानीण होती.

मी खाली गेलो आणि तिघांना घेऊन आलो. बायकोनं विहिणीला खिडकीजवळच्या मोठ्या खुर्चीत बसवलं, व्याह्यांना दुसरीत. जावई पलंगाच्या कडेला टेकला. कप दोनच होते, म्हणून पाण्याच्या ग्लासांतही चहा झाला. तिनं आपल्या पिशवीतून घरच्या शेव-चिवड्याचा डबा काढला, फळं सोलली आणि प्लेट विहिणीपुढं धरली.

"घ्या, इहीनबाई. लाजू नका. हे आमच्या घरचं आहे."

विहीण सोवळ्यातली, मोजून खाणारी बाई. तिनं आधी एक फोड घेतली. मग दुसरी. मग चिवड्यात चमचा घालून खाऊ लागली. "तुमच्या हातचा चिवडा फार चांगला असतो हो," ती म्हणाली. "पण तुमच्या घरी मला घास उतरत नाही. मनात येतं, ही माणसं आमच्याकडे पाणीसुद्धा घेत नाहीत आणि मी इथं बसून खाते."

व्याही चहाचा ग्लास रुमालात धरून म्हणाले, "म्हणजे कायद्यानं मी आता तुमच्या घरी जेवतो आहे."

"म्हना."

"मग परतफेड म्हणून पुढच्या वेळेस आमच्याकडे एक पेला पाणी?"

"ते नाई, वकीलसाहेब."

"अजून बाटलीच?"

"बाटलीच."

जावई पहिल्यांदा मोकळा हसला. "मामाजी, मी नंबर टाकले नव्हते. मला वाटलं, तुम्ही विसरून जाल."

"मी विसरत नसतो, जवाईबापू. इसरायले मले शिकवलंच नाई कोनी."

बायकोनं त्याच्याही हातात चिवड्याची वाटी दिली आणि संध्याकाळ होईतो कोणाला उठू दिलं नाही. खाली जहाज कंपनीचं जेवण तयार होतं. आम्ही ते खाल्लं नाही. व्याह्यांनीही नाही, त्यांचं पोट भरलं होतं.

सकाळी हॉटेलच्या दारात बंदराची बस लागली. माझ्या मनात टॅक्सी होती. शिडीपर्यंत म्हणजे शिडीपर्यंत. पण बायकोनं नुसतं पाहिलं आणि गुडघ्यावर हात ठेवला, तेव्हा मी बससाठी उभा राहिलो. बसचं पाणी कोण पितं?

निळ्या कोटातली मुलगी दारात एकेकाची खोली विचारून आत सोडत होती. माझ्याकडे पाहून ती थबकली. "काका, हॉटेलवाले म्हणतात तुमच्या खोलीत काल कोणी गेलंच नाही. पलंग तसाच आहे. आम्ही काळजीत पडलो. रात्री होतात कुठे?"

"माह्या खोलीत," मी म्हणालो. नेहमीच्याच आवाजात म्हणालो असेन, कारण पूर्ण बस वळून पाहू लागली.

मागून बायकोनं मला कोपरानं बाजूला केलं आणि दांडीला धरून बसची पायरी चढली.

"आमच्या खोलीत होतो माय," ती मुलीला म्हणाली. "पाव्हने आले होते."